आरोग्याचे हिशेबनीस

आरोग्य आणि पैसा हे दोन शब्द एका ओळीत आले म्हणजे मराठी मनाला किंचित अवघडल्यासारखे होते. शिर सलामत तर पगडी पचास, अशी आपली म्हण. पगड्यांची किंमत करावी, शिराची करू नये, हा तिच्यातील सहज संकेत. तरीही गेल्या साडेतीनशे वर्षांत काही माणसांनी हाच अवघड हिशेब मांडण्याचे धाडस केले. एका माणसाच्या अकाली मृत्यूने राष्ट्राचे किती नुकसान होते, गावाला शुद्ध पाणी पुरविण्याचा खर्च किती वर्षांत भरून निघतो, औषधोपचारांचा भार कोणी सोसावा, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी आकड्यांत शोधली. त्यांच्या उद्योगातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. त्याला आरोग्याचे अर्थशास्त्र असे म्हणतात.

या शास्त्राच्या इतिहासात एक विशेष गोष्ट आढळते. बहुतेक शास्त्रांना आपले घराणे असते. गुरू असतो, शिष्य असतात, पाठशाळा असते. आरोग्याच्या अर्थशास्त्राला दीर्घकाळ घराणेच नव्हते. त्याचे आद्य उपासक निरनिराळ्या वाटांनी आले. कोणी शरीरविच्छेदनाच्या मेजावरून, कोणी वकिलीतून, कोणी रसायनशाळेतून, तर कोणी विमा कचेरीतल्या खतावण्यांमधून. प्रत्येकाने आपल्या पूर्वीच्या विद्येचा दिवा सोबत आणला आणि त्या दिव्याखालचा अंधारही बरोबर आणला. हे संशोधक कोठून आले हा प्रश्न म्हणूनच केवळ चरित्राचा नव्हे. ज्याच्या हाती हिशेबाची वही असेल, त्याच्या शिक्षणावर पुष्कळदा कोणाचा प्राण मोलाचा ठरतो हे अवलंबून राहिले आहे.

या परंपरेचा मूळपुरुष शोधू गेल्यास विल्यम पेटी या इंग्रज गृहस्थाशी येऊन थांबावे लागते. १६२३ साली हॅम्पशायर परगण्यातील रॉम्सी या गावी एका कापडवाल्याच्या घरी त्याचा जन्म झाला. कोवळ्या वयात तो जहाजावर नोकर म्हणून चढला, पाय मोडल्यामुळे फ्रान्सच्या किनाऱ्यावर सोडला गेला, आणि तेथे कां या शहरातील जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयात शिकला. पुढे त्याने हॉलंडमध्ये वैद्यकाचे अध्ययन केले आणि ऑक्सफर्डमध्ये तो शरीरशास्त्राचा प्राध्यापक झाला. १६५० साली फाशी दिलेली ॲन ग्रीन नावाची तरुणी विच्छेदनासाठी आणली असता तिच्यात धुगधुगी आहे हे पेटी व त्याच्या सहकाऱ्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी तिला उपचारांनी जगविले. ज्याने मरण असे हाताशी पाहिले, तोच मनुष्य पुढे आयर्लंडची जमीन मोजावयास गेला आणि तेथून परतला तो मोजमापाचे वेड घेऊन. देश म्हणजे एक शरीर आहे, त्याचेही विच्छेदन करता येते, अशी त्याची धारणा होती. इंग्लंडच्या साठ लक्ष प्रजेच्या श्रमाचे मोल काढून त्याने दर माणशी ६९ पौंड अशी किंमत बसविली. लंडनमध्ये प्लेग आला असता माणसांना वेळीच शहराबाहेर हलविण्यास जो खर्च येईल, त्याच्या अनेक पट मोलाचे प्राण वाचतील, असा हिशेबही त्याने मांडला. प्राणरक्षण हे दानधर्माचे कृत्य नसून राज्याच्या फायद्याचा व्यवहार आहे, हा विचार येथे प्रथमच आकड्यांच्या वेषात अवतरला.

पेटीनंतर सुमारे दोन शतकांनी विल्यम फार याने तोच धागा उचलला. १८०७ साली श्रॉपशायरमधील केनली या खेड्यात एका गरीब कुटुंबात तो जन्मला. एका उदार गृहस्थाच्या आश्रयाने त्याला शिक्षण मिळाले. पॅरिसमध्ये त्याने वैद्यक अभ्यासले. रोग्यांची संख्या मोजून उपचारांची पारख करणारी विचारसरणी तेव्हा त्या नगरीत रुजत होती. १८३२ साली त्याला औषधविक्रेत्यांच्या मंडळाचा परवाना मिळाला, परंतु वैद्यकीचा व्यवसाय त्याला फारसा साधला नाही. १८३९ साली तो लंडनच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत दाखल झाला आणि पुढची चाळीस वर्षे त्याने मृतांच्या यादीतून जिवंतांचे शास्त्र रचले.

या फारनेच १८५३ साली एक विलक्षण कोष्टक प्रसिद्ध केले. नॉरफोक परगण्यातील शेतमजूर जन्मभर किती कमावील आणि स्वतःच्या पोटासाठी किती खर्च करील, याचा मेळ घालून त्याने प्रत्येक वयाची किंमत काढली. नवजात अर्भकाचे मोल ५ पौंड. पंचविशीच्या जवानाचे २४६ पौंड. तेथून उतार लागतो, आणि सत्तर वर्षांच्या वृद्धाची किंमत अवघा १ पौंड उरते. त्याच्याही पुढे गेल्यावर आकडा शून्याच्या खाली उतरतो. ऐंशी वर्षांचा म्हातारा समाजाला ४१ पौंडांनी तोट्याचा ठरतो. फार हा निर्दय मनुष्य नव्हता. त्याने हे कोष्टक कराच्या न्याय्य आकारणीसाठी केले होते, आणि गरिबांची मरणे थोपविण्यासाठी त्याने आयुष्य वेचले होते. परंतु कमाई हीच जर मोजपट्टी धरली, तर ती मोजपट्टी शेवटी कोठे नेते, हे त्या कोष्टकाने उघड केले. ज्या घरात आजीचा शब्द प्रमाण मानला जातो, त्या घराला हा आकडा कधीच पटणार नाही. पण तो का पटत नाही याचे शास्त्रीय उत्तर देण्यास पुढच्या संशोधकांना शंभरांहून अधिक वर्षे लागली.

फारचा समकालीन एडविन चॅडविक हा वैद्य नव्हे, वकील होता. तत्त्वज्ञ बेंथॅमचा तो चिटणीस राहिला होता, आणि गरिबांच्या कायद्याच्या अंमलबजावणीत त्याची कारकीर्द गेली. १८४२ साली त्याने कष्टकरी वर्गाच्या आरोग्यस्थितीवर जो अहवाल काढला, त्यातील युक्तिवाद पक्का वकिली होता. कर्ता पुरुष तापाने मरतो, विधवा आणि पोरे सरकारी अन्नावर येतात, आणि त्यांचा भार करदात्यांवर पडतो. म्हणून गटारे बांधणे स्वस्त आणि न बांधणे महाग. वैद्याला रोगी दिसतो, वकिलाला दावा दिसतो. चॅडविकने घाणीवर दावा लावला आणि तो बहुतांशी जिंकला. मात्र मजूर अर्धपोटी राहतो म्हणूनही आजारी पडतो, ही बाजू त्याच्या नजरेतून निसटली. फारने उपासमारीने झालेल्या मृत्यूंची वेगळी नोंद केली तेव्हा चॅडविकने त्याच्याशी वाद घातला. तेच आकडे, तेच शहर, पण दोन शिक्षणांनी दोन निराळी कारणे दाखविली.

जर्मनीत हा विषय रसायनशास्त्रज्ञाच्या हाती आला. माक्स फॉन पेटेनकोफर हा औषधनिर्मिती आणि रसायन शिकलेला विद्वान. १८७३ साली म्यूनिक शहरातील नागरिकांपुढे त्याने आरोग्याचे शहराला असलेले मोल या विषयावर दोन व्याख्याने दिली. म्यूनिकमध्ये दर हजारी ३३ माणसे वर्षाला मरतात आणि लंडनमध्ये २२, या एका तुलनेवर त्याने सारा डोलारा उभारला. प्रत्येक मृत्यूमागे किती आजारपणे, प्रत्येक आजारामागे किती बुडालेले दिवस, आणि त्या दिवसांची किती मजुरी, असे त्याचे गणित. रसायनज्ञाच्या तराजूची सवय त्यात दिसते. हाच पेटेनकोफर रोगजंतूंच्या बाबतीत मात्र चुकला. १८९२ साली त्याने पटकीचे जंतू स्वतः प्राशन करून ते एकटे निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करू पाहिले. तो बचावला, पण त्याचे मत बचावले नाही. तरीही त्याच्या आग्रहाने म्यूनिकला लाभलेले शुद्ध पाणी आणि गटारे यांचा हिशेब खरा ठरला.

विसाव्या शतकात एकट्या पंडिताच्या जागी समित्या आल्या. अमेरिकेत १९२७ ते १९३२ या काळात वैद्यकीय उपचारांच्या खर्चाचा शोध घेणारी एक मोठी समिती बसली. तिचे अध्यक्ष रे लायमन विल्बर हे डॉक्टर होते. पण संशोधनाचे ओझे वाहणाऱ्यांत आयसिडोर फॉक हे जंतुशास्त्राचे प्राध्यापक होते आणि रूफस रोरेम हे जमाखर्चाच्या विद्येतून आले होते. मायकेल डेव्हिस यांचे शिक्षण समाजशास्त्रातले. आजारपणाचा खर्च सर्वांवर सारखा पडत नाही, तो थोड्या कुटुंबांवर अचानक कोसळतो, म्हणून तो अनेकांनी मिळून आधीच वाटून घ्यावा, असा निष्कर्ष या मंडळींनी काढला. समितीतील अनेक डॉक्टरांनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडली. रोग्याचा खर्च मोजणाऱ्यांत आणि रोग्याकडून फी घेणाऱ्यांत असलेला ताण तेथे प्रथम चव्हाट्यावर आला.

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत तिच्या उधळपट्टीची ओरड सुरू झाली. १९५३ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. तिच्यासाठी प्रत्यक्ष आकडेमोड केली ती ब्रायन एबल-स्मिथ या तरुण अर्थशास्त्रज्ञाने आणि रिचर्ड टिटमस यांनी. टिटमस यांचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्यापाशी विद्यापीठाची एकही पदवी नव्हती. विमा कंपनीच्या कचेरीत त्यांनी दीड दशक कारकुनी केली, फावल्या वेळात मृत्यूच्या आकड्यांचा अभ्यास केला, आणि १९५० साली ते लंडनच्या प्रसिद्ध अर्थशास्त्र विद्यालयात प्राध्यापक झाले. एबल-स्मिथ आणि टिटमस यांनी दाखवून दिले की राष्ट्रीय उत्पन्नातील आरोग्यसेवेचा वाटा वाढलेला नसून १९४९-५० मधील ३.७५ टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये ३.२५ टक्क्यांवर उतरला आहे. एका कोष्टकाने एका संस्थेचे प्राण वाचविले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या शास्त्राला तात्त्विक पाया मिळाला तो १९६३ साली, आणि तोही बाहेरून आलेल्या माणसाकडून. केनेथ ॲरो यांचे मूळ शिक्षण गणिताचे. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन हवाई दलात हवामान अधिकारी होते. महिनाभर आधी वर्तविलेले हवामानाचे अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा खरे ठरत नाहीत, असे त्यांच्या गटाने वरिष्ठांना कळविले. तेव्हा, ते सेनापतींना ठाऊक आहे, पण योजना आखण्यासाठी त्यांना अंदाज हवेच आहेत, अशा आशयाचे उत्तर आले. ही आठवण ॲरो पुढे सांगत असत. अनिश्चिततेचे हे भान त्यांच्या साऱ्या कार्यात दिसते. फोर्ड प्रतिष्ठानाच्या वतीने व्हिक्टर फुक्स यांनी त्यांना वैद्यकीय क्षेत्रावर लिहिण्याची विनंती केली. फुक्स हेही नवखेच होते, त्यांचे १९५७ सालचे पुस्तक केसाळ कातड्यांच्या व्यापारावर होते. ॲरो यांनी लिहिलेल्या निबंधाने विषयाची दिशा बदलली. आजार केव्हा येईल हे कोणाला ठाऊक नसते. आल्यावर कोणता उपचार हवा हे रोग्याला ठाऊक नसते. बाजारात भाजी निवडावी तशी शस्त्रक्रिया निवडता येत नाही. म्हणून येथे ग्राहक आणि विक्रेता हे नाते पुरत नाही, विश्वासाचे नाते लागते, आणि विश्वास टिकविण्यासाठी समाजाला नीतिनियम व संस्था उभाराव्या लागतात. कोणत्याही रुग्णाच्या नातेवाइकाला जे उपजत कळते, ते ॲरो यांनी शास्त्राच्या भाषेत प्रस्थापित केले.

त्यानंतर मात्र या विद्येला स्वतःचे घर मिळाले. १९७२ साली ब्रिटनमधील आरोग्य-अर्थशास्त्रज्ञांचे अभ्यासमंडळ स्थापन झाले आणि १९७८ साली यॉर्क विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. तेथील ॲलन विल्यम्स हे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे अभ्यासक. केवळ किती वर्षे जगला हे न मोजता ती वर्षे किती सुखाची गेली याचाही गुणाकार करावा, या पद्धतीचे ते प्रमुख पुरस्कर्ते ठरले. फारच्या कोष्टकाला हे एक उत्तर होते. येथे मोल कमाईचे नव्हते, जगण्याचे होते. सत्तरीच्या वृद्धेचे वेदनारहित वर्ष आणि पंचविशीच्या कारागिराचे वर्ष या मापात सारखे भरले. तथापि वृद्धांची आणि अपंगांची उरलेली वर्षे मोजताना त्यांच्यावर अन्याय होतो, हा आक्षेप या नव्या मापावरही आला, आणि तो अद्याप मिटलेला नाही.

भारताकडे वळले म्हणजे दृश्य बदलते. येथे आरोग्याचा हिशेब प्रथम झाला तो गोऱ्या सैनिकांपुरता. १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ साली जाहीर केले की भारतातील ब्रिटिश फौजेत दर हजारी ६९ शिपाई वर्षाला मरतात. या आयोगामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे अथक परिश्रम होते. सर्व प्रजेचा हिशेब मात्र १९४३ साली नेमलेल्या समितीपर्यंत लांबला. त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे १८७८ साली नाशिकमध्ये जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि नंतर लंडनमध्ये शिकलेले सनदी अधिकारी होते. ते डॉक्टर नव्हते, अर्थशास्त्रज्ञही नव्हते. समितीत वैद्यांचे बहुमत होते, पण त्यांच्या पंगतीला कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांच्यासारखे लोकसेवकही होते. १९४६ च्या अहवालाने १९३७ सालचा आकडा देशापुढे ठेवला. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत होती. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालाचे मूलसूत्र होते.

अन्नाच्या प्रश्नावर भारतीय संशोधकांत जो वाद झाला, त्यात शिक्षणाचा प्रभाव विशेष स्पष्ट दिसतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. फर्ग्युसन कॉलेजात गणित आणि लंडनमध्ये संख्याशास्त्र शिकलेले सुखात्मे पुढे रोम येथील आंतरराष्ट्रीय अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. एकाच निरोगी माणसाची भूक दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून सरासरी उष्मांकांच्या खालचा प्रत्येक मनुष्य भुकेला समजणे चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७१ साली नीलकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याची मोजदाद करणारे पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी या मताला विरोध केला. वाद गणिती होता, पण त्याच्या उत्तरावर देशातील किती कोटी माणसे उपाशी म्हणावीत हे ठरणार होते.

वैद्यही याच सुमारास हिशेबाकडे वळले. कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद नोशिर अंतिया यांनी मुंबईत सामाजिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था उभारली. या संस्थेने जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांना आजारपणाचा खर्च दारोदार जाऊन विचारला आणि १९८९ साली तो प्रसिद्ध केला. सरकारी अंदाजपत्रकात कधीच न दिसणारा, गोरगरिबांच्या खिशातून जाणारा खर्च त्यातून दिसू लागला. डॉक्टर अभय बंग यांनी तर रोग्याऐवजी मजुरी तपासली. वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचविलेल्या शेतमजुरांच्या किमान वेतनामागील अन्नाचे गणित त्यांनी पडताळून पाहिले आणि त्या वेतनात कष्टकऱ्याचे पोट भरत नाही हे दाखविले. केरळात १९८४ साली त्या राज्याच्या आरोग्यस्थितीवरील ग्रंथ निघाला. त्याचे एक कर्ते पणिक्कर हे अर्थशास्त्रज्ञ आणि दुसरे सोमन हे वैद्य. राज्य गरीब असूनही प्रजा निरोगी कशी, या कोड्याला दोन्ही विद्यांची गरज होती.

आज या विषयाचे पदवीधर तयार होतात. त्यांचे अभ्यासक्रम आहेत, नियतकालिके आहेत, जागतिक परिषदा भरतात. १९९६ साली व्हँकूव्हरला अशी पहिली परिषद भरली. हे शास्त्राच्या प्रौढत्वाचे लक्षण होय. परंतु त्याबरोबर एक धोकाही येतो. सर्वांनी एकाच पाठशाळेत एकच गणित घोकले, तर सर्वांच्या दिव्याखालचा अंधारही एकच होईल. फारची चूक दुरुस्त झाली ती कमाईऐवजी जगणे मोजू पाहणाऱ्यांमुळे. चॅडविकला न दिसलेली भूक नोंदवहीत उतरली ती फारसारख्या वैद्यामुळे, आणि उधळपट्टीचा आरोप खोडला तो पदवी नसलेल्या कारकुनाच्या मदतीने. हे शास्त्र वाढले ते परक्यांच्या येण्याने.

भोर समितीच्या मूलसूत्राची कसोटी आजही तीच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भाग कुटुंबे थेट आपल्या खिशातून करीत होती. २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. उतार खराच, पण घरातल्या आजारपणापायी दागिना मोडणारी किंवा गोठ्यातली गाय विकणारी कुटुंबे या टक्क्यांच्या आत आहेत. आणि पैसा नाही म्हणून जो दवाखान्याची पायरी चढलाच नाही, त्याचा खर्च शून्य असल्यामुळे तो या आकड्यात येतच नाही. त्याला शोधण्यासाठी हिशेबनिसाला गणित यावे लागते, वैद्यक समजावे लागते आणि लोकांच्या घरी जाऊन बसावे लागते. पेटीपासून आजपर्यंत एकाच मनुष्यात ही तिन्ही अंगे क्वचितच एकवटली. म्हणूनच हा हिशेब एकट्याने करावयाचा नाही, अनेकांनी मिळून करावयाचा आहे, आणि त्याची बेरीज तपासण्याचा हक्क ज्याच्या आजाराचा तो हिशेब आहे त्यालाही असला पाहिजे.